शेजारच्या दोन आकारांमधली पांढरी रेघ कशी घालवू?

व्हेक्टर ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या गुळाच्या बॉक्सवरच्या उसाच्या पात्यांच्या कडा स्नॅप करूनही (एकमेकींना नेमक्या चिकटवूनही) मध्ये रेघ दिसते ना? आधी झूम करा. फट खरी असेल तर रुंदावेल. रेघ केसाएवढीच राहिली तर तो अँटी-अलायझिंगचा, म्हणजे कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून कडेच्या पिक्सेलमध्ये रंग मिसळण्याचा खेळ. कडेच्या पिक्सेलचा अर्धा भाग एक पातं झाकतं, अर्धा दुसरं; पण सॉफ्टवेअर दोन्ही वेगवेगळी मिसळतं, म्हणून पहिल्याचा 50 आणि दुसऱ्याचा उरलेल्याच्या अर्धा, असा 50 + 25 = 75 टक्केच रंग भरतो, उरलेल्या 25 टक्क्यांतून मागचा पांढरा डोकावतो. नोड (कडेवरचे बिंदू) सरकवत बसू नका, खालचं पातं वरच्याखाली थोडं घुसवा. रंग एकच असेल तर सरळ वेल्ड, म्हणजे दोन्ही जोडून एकच आकार करा. छापायला देताना हे चालेल. रेडियम कटिंगला (स्टिकर शीट ब्लेडने कापताना) मात्र ओव्हरलॅप ठेवू नका, ब्लेड प्रत्येक बाह्यरेषा कापतं.