गृहपाठाच्या अडचणी : कंसाबाहेरचा उणे आणि ‘डिड’नंतरचं क्रियापद

प्रश्न : २० − ३(क्ष − ४) = ११ या समीकरणाचं उत्तर मुलीला −१ येतं, पुस्तकाच्या शेवटी ७ दिलंय. बेरीज-वजाबाकी तपासली, ती बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?

उत्तर : कंस सोडवताना. कंसाबाहेर नुसते ३ नाहीत, −३ आहेत, आणि त्यांनी कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचं असतं. −३ गुणिले −४ म्हणजे +१२. मुलीने तिथे −१२ लिहिलं असणार; मग ८ − ३क्ष = ११ उरतं आणि त्यातून −१ च निघतं. बरोबर मांडणी अशी :

२० − ३क्ष + १२ = ११
३२ − ३क्ष = ११
३क्ष = २१
क्ष = ७

पहिली ओळ वहीत स्वतंत्र लिहायला लावा. कंस सोडवणं आणि बेरीज एकाच ओळीत उरकली की चिन्ह निसटतंच. काही मुलं २० मधून ३ आधी वजा करून १७(क्ष − ४) लिहितात, तेही चूक. गुणाकार आधी, वजाबाकी नंतर.

पुस्तकातलं उत्तर बघण्याआधी ताळा करायचा, तोही मूळ समीकरणात. ७ घातले तर २० − ३ × ३ = ११, जुळलं. −१ घातला तर कंसात −५ येतात आणि डावी बाजू ३५ होते. हाच −१ मुलीच्या ८ − ३क्ष = ११ या ओळीत घालून बघा, बिनचूक जुळेल! ताळा करूनही चूक सापडत नाही ती यामुळेच.

प्रश्न : ‘ही वेन्ट होम’चं नकारार्थी वाक्य मुलगा ‘ही डिड नॉट वेन्ट होम’ असं करतो. समजावलं तरी पुन्हा तेच.

उत्तर : भूतकाळ वाक्यात एकदाच दाखवायचा. ‘डिड’ आलं की ते काम झालं, क्रियापद मूळ रूपात जातं : ‘ही डिड नॉट गो होम’. वर्तमानकाळात ‘डझ’चंही तसंच; ‘शी गोज’, पण ‘शी डझ नॉट गो’. सराव करताना आधी क्रियापदाखाली रेघ मारून शेजारी मूळ रूप लिहायचं, वाक्य बदलायचं नंतर.

दोन ठिकाणी मात्र ‘डिड’ घुसवू नये. ‘वॉज’, ‘वेअर’ हेच मुख्य क्रियापद असेल तर तेच पुढे येतं : ‘वॉज ही टायर्ड?’ आणि ‘हू’ हाच कर्ता असेल तर साधं ‘हू ब्रोक द विंडो?’

प्रश्न : किंमत २० टक्के वाढली, मग २० टक्के उतरली. मूळ किंमत का येत नाही?

उत्तर : दुसरे २० टक्के वाढलेल्या किमतीवर आहेत. १०० चे १२० झाले. १२० चे २० टक्के २४, म्हणून उरले ९६. परत १०० वर यायला १२० मधून २० जायला हवेत, म्हणजे एक षष्ठांश घट.