इंडियन क्रीकला चौघांची पाच दिवसांची कॅम्पिंग-क्लाइंबिंग ट्रिप: परवाना लागतो का, सामान काय न्यावं, आणि मधे एक दिवस पाऊस आला तर?

परवान्याचं आधी उरकतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं इंडियन क्रीक बेअर्स इअर्स नॅशनल मॉन्युमेंटमध्ये येतं आणि चढाईच्या भिंती बहुतेक बीएलएमच्या, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवर आहेत. चार मित्र आपापल्या खर्चाने चढणार असतील तर परवाना लागत नाही. पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्याला लागतो. सुपरबोल आणि क्रीक पाश्चर या कॅम्पग्राउंडवरच्या साध्या जागांना बुकिंग नसतं, जो आधी येईल त्याची जागा, फी तिथेच भरायची. संडास आहेत, पाणी नाही. ऑक्टोबरअखेर शुक्रवारी रात्री पोचलात तर अंधारात जागा शोधत फिराल, म्हणून आठवड्याच्या मधल्या वारी दुपारीच पोचा.

मी लिहायला बसलो ते मात्र तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे. "तिसऱ्या दिवशी पाऊस दाखवतोय, तो दिवस तंबूत काढू आणि चौथ्या दिवशी सकाळी दगड वाळला की चढू." हे करू नका. हाच बेत माझ्या एका जुन्या जोडीदाराचा होता आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

त्याचं म्हणणं सह्याद्रीत शिकलेल्या कुणालाही पटेल असंच होतं. आपला बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यातले स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले. तो भिजला की निसरडा होतो, पण त्याची ताकद फारशी जात नाही. ऊन पडलं, वरचं पाणी उडालं, की चढायला मोकळं. क्रीकचा विंगेट सँडस्टोन म्हणजे वाऱ्याने साठवलेली आणि पुढे दाबली गेलेली वाळू. तिचे कण एकमेकांना धरून असतात ते मधल्या मातकट, चुनखट सांध्याने. पाणी छिद्रांतून आत मुरतं, सांधा मऊ पडतो आणि दगडाची ताकद घटते. वरचा पापुद्रा दोन तासांत कोरडा दिसतो, आतली ओल मात्र दिवसच्या दिवस टिकते. त्यात क्रीकची चढाई म्हणजे सरळसोट भेगा आणि सगळी भिस्त कॅमवर, म्हणजे भेगेत बसवून दोर अडकवायच्या स्प्रिंगच्या अवजारावर. कॅम खाली ओढला गेला की त्याचे लोब, म्हणजे वळणदार पाकळ्या, भेगेच्या दोन्ही भिंतींना बाहेर रेटतात, आणि हा रेटा प्रत्येक भिंतीवर ओढीच्या साधारण दुप्पट असतो. भिजलेल्या वाळूने तेवढा दाब सोसावा अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

त्या वेळी रात्रभर पाऊस पडून पहाटे थांबला होता. दहा वाजता भिंत कोरडी दिसत होती, हात फिरवला तर धूळही लागत होती. जोडीदार लीडला निघाला, म्हणजे पहिला, कॅम लावत लावत वर. तळवा नीट बसेल अशा रुंदीची भेग, दोन नंबरचे कॅम. पहिले तीन बसले. चौथ्यावर तो विश्रांतीला टेकला. पडला नाही, नुसतं अंगाचं वजन टाकलं, आणि कॅम करकरत दोन इंच घसरला आणि सुटून आला. तिसऱ्याने धरलं आणि तो दहा-बारा फूट खाली येऊन थांबला. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. खाली आल्यावर तो कॅम हातात घेऊन पाहिला तर लोबच्या खाचा तांबूस वाळूने भरल्या होत्या, आणि ती वाळू बोटाने दाबली की गोळा होत होती. कणीक जेवढी ओली असते तेवढी ओली. वर भेगेच्या दोन्ही भिंतींवर समोरासमोर चरे पडले होते. जिथे भिंती समांतर होत्या तिथे आता भेग खालच्या बाजूला फाकलेली आहे, आणि त्या जागी कॅम पुन्हा पूर्वीसारखा बसायचा नाही. कुणासाठीच नाही.

जोडीदाराचं तेव्हाही आणि आजही एकच म्हणणं, "दगड कोरडा होता, कॅम मी चुकीचा लावला." नाही. कॅम बरोबर लावला होता, दगड ओला होता. कोरड्या वाळूचा गोळा होत नाही.

दगड वाळला का हे भिंतीला हात लावून कळत नाही, मातीत बोट घालून कळतं. भिंतीच्या पायथ्याशी, पायवाटेवरच्याच मोकळ्या वाळूत, सावलीची जागा बघून दोन-तीन इंच उकरा. खालची माती गडद किंवा गार-ओलसर लागली तर त्या दिवशी त्या भिंतीवर चढायचं नाही. वाटेबाहेरच्या काळपट, खडबडीत थरात मात्र उकरू नका, त्यावर पायही देऊ नका. तो क्रिप्टोबायोटिक मातीचा जिवंत थर आहे. वाळवंटाची माती त्यानेच धरून ठेवलेली असते आणि एका पावलाने मोडलेला थर भरून यायला अनेक वर्षं जातात. चोवीस तास थांबा असं जे सगळीकडे सांगतात ते कमीत कमी समजा. मुरवणी पाऊस झाला असेल आणि हवा थंड, ढगाळ असेल तर अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास लागतात. ऑक्टोबरअखेर रात्री पारा शून्याजवळ येतो, दिवस लहान, त्यामुळे उन्हाळ्याच्या हिशोबाने दगड वाळत नाही. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंती सगळ्यात शेवटी वाळतात.

म्हणजे तुमचा चौथा आणि पाचवा दोन्ही दिवस गेले असं धरूनच बेत आखा. तारीख हलवता येत असेल तर हलवा. नसेल तर पहिले दोन दिवस पहाटेपासून चढा आणि पाऊस लागला की गाडी भरून कोलोरॅडोतल्या अनवीप कॅन्यनला जा. मोआब या जवळच्या गावाहून साधारण अडीच तास. तिथे ग्रॅनाइट आहे, वरून वाळला म्हणजे वाळला. तेही नको असेल तर रस्ता क्रमांक २११ शेवटी कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कच्या नीडल्स भागात जातो, तिथे दोन दिवस चालण्यात आनंदाने जातील. पावसाळी हवेत ब्रिजर जॅक सुळक्यांकडच्या कच्च्या रस्त्याला गाडी घालू नका. तो रस्ता ओढा ओलांडतो. पाणी चढलं की गाडी पलीकडे अडकते, आणि पाणी उतरल्यावरही चिखल चाकाला चिकटत राहतो. कोरड्या पात्रात तंबू तर कधीच नाही, पाऊस मैलभर दूर पडला तरी लोंढा तुमच्याकडे येतो.

आता सामान. पाणी माणशी दिवसाला सहा लिटर धरा, पिणं आणि स्वयंपाक मिळून. चौघांचे पाच दिवस म्हणजे १२० लिटर, वीस लिटरचे सहा कॅन. मोआबलाच भरा. हे १२० किलो वजन गाडीत खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवा, डिकीच्या टोकाला नको. कॅमच्या बाबतीत नेहमीचा डबल रॅक, म्हणजे प्रत्येक मापाचे दोन-दोन कॅम, इथे पुरत नाही, कारण शंभर फुटांची भेग शंभर फूट एकाच मापाची असते. एका मापाचे पाच-सहा कॅम लागतात, म्हणून चौघांचे रॅक एकत्र करा, प्रत्येकाच्या कॅमवर वेगळ्या रंगाची टेप लावा आणि निघण्याआधी जमिनीवर मांडून मोजा. ब्लॅक डायमंड कंपनीच्या मापांच्या हिशोबाने एक, दोन, तीन नंबर सगळ्यात जास्त लागतील. दोर ७० मीटरचा आणि मोकळ्या टोकाला गाठ. चढाईच्या काही वाटा इतक्या लांब आहेत की खाली सोडताना दोर संपतो, आणि गाठ नसेल तर टोक खालच्या माणसाच्या दोर धरायच्या साधनातून, बिले डिव्हाइसमधून, सरळ निसटतं. दोराखाली ताडपत्री हवीच. वाळू भरलेला दोर कानशीसारखा चालतो, म्हणून टॉपरोप करताना, म्हणजे वरून टाकलेल्या दोरावर चढताना, दोर वरच्या अँकरच्या साखळीतून ओवू नका. स्वतःचे दोन लॉकिंग कॅराबिनर एकमेकांविरुद्ध तोंडाने लावा आणि फक्त शेवटच्या माणसानेच साखळीवरून उतरावं. साखळी झिजली की ती कुणीतरी आपल्या वेळेने आणि पैशाने बदलतो. हातांना क्रॅक ग्लव्हज किंवा टेप, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुठीमागची कातडी उरत नाही.

कॅम्पग्राउंडचे संडास सोडून इतरत्र जावं लागलं तर वॅग बॅग, म्हणजे शौचाची बंद होणारी पिशवी, वापरा आणि भरलेली पिशवी परत न्या. खड्डा करून पुरण्याचा जंगलातला नियम इथे चालत नाही. मातीत ओल फारशी नाही, कुजवणारे जंतू कमी, पुरलेलं बराच काळ तसंच राहतं. जळण तिथलं तोडू नका, विकत आणा, आणि शेकोटीवर बंदी लागू आहे का ते निघायच्या दिवशी बघा. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे चौघांत एक सॅटेलाइट मेसेंजर ठेवा. भिंतींवर जुनी कोरीव चित्रं, पायथ्याशी जुन्या वस्तीच्या खुणा दिसतील. त्यांच्याजवळ चढू नका, त्यांना हात लावू नका.

दोन गोष्टी राहिल्या. ससाण्यांची घरटी असतात म्हणून काही भिंती मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत टाळायला सांगतात. ऑक्टोबरमध्ये तुम्हाला ती अडचण नाही, पण वसंतात परत गेलात तर मॉन्टिसेलोच्या बीएलएम फील्ड ऑफिसकडे यादी विचारा. आणि पाऊस म्हणजे प्रत्येक शिंतोडा नव्हे. पाच मिनिटांची सर आली, मागोमाग वारा सुटला आणि दोन इंचांखालची वाळू भुसभुशीत, कोरडी निघाली, तर त्याच दुपारी खुशाल चढा. सहलीचे दिवस किती उरलेत हे त्या मातीला माहीत नसतं, म्हणून चौघांनी निघण्याआधीच ठरवून टाका की उकरायचं काम कोण करणार आणि तो नाही म्हणाला तर बाकीचे तिघे वाद घालणार नाहीत. आमच्यात हे ठरलेलं नव्हतं.