बायपास नीट झाली, मग वारं कसं गेलं?

प्रश्न : डॉक्टर, वडील ६४ वर्षांचे. पूर्व भागात आमचे चार माग आहेत, टॉवेल काढतो. पाच आठवड्यांपूर्वी त्यांची बायपास झाली. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून इडली खाल्ली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला आणि वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी गेली म्हणाले, पण ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. शेजारी म्हणतात, हृदय बंद न करता ऑपरेशन करायला हवं होतं. आता ते धरून चालतात, हात मात्र लुळाच. बोलतात ते चार-दोन तेलुगू शब्द, मराठी जवळजवळ गेलीच. माझ्या मुलीला तेलुगू येत नाही. ‘ताता माझ्याशी बोलत नाहीत’ म्हणून ती रडते. चूक कुणाची? आणि आम्ही त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : खरं तर मुलीच्या ओळीला आधी उत्तर द्यावंसं वाटलं. पण ‘चूक कुणाची’ हे डोक्यातून निघाल्याशिवाय घरचे पुढचं काही ऐकत नाहीत, हे आयसीयूत तीस वर्षं काढून कळलंय.

शंभर बायपासमध्ये एखाद-दोघांना लकवा होतो. सोबत झडपेचंही ऑपरेशन असेल तर जास्त. काहींना तो भुलीतून उठतानाच दिसतो. तो बहुतेकदा महाधमनीतून येतो. बोअरच्या पाण्याने आपल्या नळांना आतून पांढरा थर धरतो ना, तसाच थर वय, मधुमेह आणि तंबाखू यांनी या धमनीत धरतो. तिला चिमटा लावताना त्यातला कण सुटतो आणि रक्ताबरोबर वर जातो.

तुमच्या वडिलांना हे तिसऱ्या दिवशी झालं, म्हणून मला दुसरीच शंका येते. बायपासनंतर दहांपैकी साधारण तिघांच्या हृदयाचे ठोके बिघडतात, तेही बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक खिसा असतो, त्यात रक्त साचतं आणि गोठतं. ती गुठळी सुटली की मेंदूकडे जाऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर ‘एएफ’ किंवा ‘एट्रियल फिब्रिलेशन’ लिहिलंय का बघा. कागद न पाहता मी शपथेवर सांगणार नाही, पण लिहिलेलं असेल तर कोड्याचा मोठा भाग सुटला.

इंजेक्शन दिलं नाही ते बरोबरच झालं. ते औषध मेंदूतली गुठळी तेवढी शोधत बसत नाही. तिसऱ्या दिवशीच्या ओल्या छातीत त्याने रक्तस्राव झाला असता. मोठ्या ऑपरेशननंतर चौदा दिवसांत ते सहसा देतच नाहीत. मोठी रक्तवाहिनी बंद असेल आणि वेळेत कळलं तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. त्यासाठी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, झाली होती का, तिच्यात काय दिसलं, हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर, धडधडत्या हृदयावर बायपास करण्याची पद्धत आपल्याकडे भरपूर वापरात आहे. पण १९ देशांतल्या ४,७५२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. त्यात भारतीय रुग्णही होते. महिनाभरातल्या लकव्याच्या प्रमाणात दोन्ही पद्धतींत म्हणावा असा फरक निघाला नाही.

एक दोष मात्र आम्हा डॉक्टरांच्या पदरात टाका. आदल्या रात्री संमतीपत्र पुढे येतं, ‘इथे, इथे आणि इथे’ सह्या होतात. लकव्याची ओळ त्यातच असते, इंग्रजीत, आणि मुलाचं लक्ष डिपॉझिटच्या आकड्याकडे असतं. मीही अशा सह्या घेतल्या आहेत. ती ओळ मोठ्याने वाचून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

आता भाषा. वडिलांना झालाय तो वाचाघात. डोकं शाबूत असतं, शब्दाची वाट मोडलेली असते. दोन भाषा बोलणाऱ्या बऱ्याच जणांच्या दोन्ही भाषा बरोबरीने परततात, काहींची एक पुढे पळते. पीत्र नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ साली म्हटलं होतं, की जी भाषा जास्त वापरात होती ती आधी येते. लहानपणीची आधी येते, असं म्हणणारेही होते. तुमच्याकडे हा वाद मिटलेलाच दिसतो, वडिलांच्या लहानपणी घरात तेलुगू आणि पुढे मागावरही तेलुगू. तेव्हा तेलुगूतच बोला, मराठी शब्द आला तर येऊ द्या, टोकू नका.

आणि मुलीला त्यांची विद्यार्थिनी करा. पाण्याचा पेला हातात धरून तिने विचारायचं, ‘ताता, याला काय म्हणायचं?’ मग मनातल्या मनात दहा अंक मोजत गप्प बसायचं. हे गप्प बसणंच घरच्यांना जमत नाही, सगळे मिळून त्यांचं वाक्य पुरं करून टाकतात. ‘नीळ्ळु’ आलं तर तिने म्हणायचं, ‘नीळ्ळु म्हणजे पाणी.’ त्या वेळी टीव्ही बंद. पण दिवसभर परीक्षा घेऊ नका, दहा मिनिटं पुरे. ओकटी, रेंडु, मूडु असे ओळीने आकडे, वार, मार्कंडेयाचं पाठ भजन हे सुट्या शब्दांच्या आधी येतं. शिवीही येते. माझ्या एका विणकर रुग्णाचा पहिला स्वच्छ शब्द म्हणजे सुनेदेखत निघालेली अस्सल शिवी होती. त्या घरी त्या दिवशी पेढे वाटले.

हातासाठी फिजिओथेरपिस्ट सांगेल ते कराच. माझी त्यात एक भर. घरचाच टॉवेल मांडीवर पसरा, त्यांच्या डाव्या हाताने उजवा हात धरून काठावरून फिरवू द्या आणि तुटलेला धागा शोधायला सांगा. चाळीस वर्षं ती बोटं हेच करत आली असतील.

उठवताना बगलेत हात घालून ओढू नका. छातीचं हाड अजून तारेने बांधलेलं आहे, आणि लुळा खांदा ओढला की निखळतो. कमरेला पट्टा बांधून धरा. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओला येत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर कडक भाकरी नको, तिचा चुरा घशात जातो. शेंगाचटणीतल्या मिठाचं सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

‘वारं गेलंय’ म्हणून तेल चोळायला कुणी नेईल. तेलाला माझी ना नाही, पण त्या नादात रक्त पातळ करणारी गोळी बंद झाली तर दुसरा झटका येऊ शकतो. गोळी अ‍ॅसिट्रोम असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, वेळेवर करा. पालेभाजीने या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो. अंबाडीची भाजी सोडायची गरज नाही, पण आठवडाभर बंद आणि मग रोज परातभर, असंही नको. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, बोलणं त्यानंतरही सुधारत राहतं.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, विड्या वळते. पुढच्या आठवड्यात तिची झडप बदलायची आहे. मागच्या महिन्यात पान कापताना तिच्या हातातून कात्री पडली, दहा मिनिटं बोटं हलेनात, मग आपोआप बरं झालं. सुपावर बसून मुंग्या आल्या असतील, असं आम्हाला वाटलं. हे डॉक्टरांना सांगायची गरज आहे का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : आजच सांगा, भरतीच्या दिवसाची वाट पाहू नका. दहा मिनिटांत बरा झालेला हात हा मेंदूचा इशारा असू शकतो. सर्जन मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, सांगतील, बहुधा मेंदूचा एमआरआयही. तारीख पुढे गेली तर जाऊ द्या. कात्री कोणत्या हातातून पडली, तेही आईला विचारून लिहून न्या.