बंदराचं शहर बघायचंय? आधी पाण्यावर जा

पहिल्यांदाच जाताय ना, मग बसचं नंतर बघा, आधी बोट. बंदराची शहरं पाण्याकडे तोंड करून वसलेली असतात, रस्त्यावरून नुसती पाठ दिसते. शक्यतो सकाळी निघा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, पाणी खवळतं आणि वरच्या डेकवर टोपी सांभाळण्यातच निम्मा वेळ जातो.

महागडी क्रूझ लगेच बुक करू नका. तिथले लोक रोज कामाला जातात ती साधी फेरीबोट आहे का, ते विचारा. सिडनीत ‘सर्क्युलर की’ (Circular Quay) या धक्क्यावरून मॅनलीला जाणारी बोट अर्ध्या तासात ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज दोन्ही दाखवते. इस्तंबूलमध्ये एमिनोनूहून कादिकोयची बोट धरली की युरोपातून थेट आशियात! माहिती सांगणारा गाईड नसतो, हे खरं. पण क्रूझवरची कॉमेंट्री तरी इंजिनाच्या आवाजात किती ऐकू येते?

कुठेही चढा-उतरा म्हणणारी टूर बस घेणार असाल तर तिकिटाचे २४ तास पहिल्यांदा वापरल्यापासून मोजतात की फक्त त्या तारखेपुरते, ते आधी विचारा. शेवटची बस किती वाजता, तेही.

आणि क्रूझ जहाजाने येणार असाल तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, ती शहराच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते. बाहेरून घेतलेली टूर उशिरा पोचली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. जहाजावरच्या पत्रकात बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.