बोर्ड रंगवण्याआधी जरा थांब

अरे, लाठीचार्जमध्ये लागलेल्या हाताचा एक्स-रे काढलास का? ते आधी कर, सूज उतरली म्हणजे हाड धड आहे असं नसतं. त्याच्या निषेधाला तुम्ही रंगवताय त्या बोर्डाचा फोटो बघितला, 'हा फॅसिझम आहे', आणि दोन दिवस विचार करत होतो लिहू की नको, शेवटी लिहितोच.

तुझ्या वयात मीपण हा शब्द सढळ हाताने वापरलाय. प्राचार्यांनी आमची पोस्टरं फाडली तरी आम्ही त्यांना हिटलर म्हणायचो. मग एका संपात चौकीत रात्र काढली, हवालदाराने दोन सणसणीत ठेवून दिल्या, पहाटे त्यानेच कटिंग पाजला आणि वर विचारतो, "बाप काय करतो रे तुझा?" दुपारी वकील आला, जामीन झाला, तिसऱ्या दिवशी आम्ही परत गेटवर घोषणा देत उभे. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की हिटलरच्या राज्यात परत गेटवर आलोच नसतो.

18 फेब्रुवारी 1943 ला म्युनिकच्या विद्यापीठात सोफी शोल आणि तिचा भाऊ हान्स हिटलरविरोधी पत्रकं टाकताना सापडले, तिथल्याच एका शिपायाने धरून दिलं, आणि 22 तारखेला शिरच्छेद. चार दिवसांत खटला, शिक्षा, सगळं आटोपलं, पोरगी 21 वर्षांची. पण मला जास्त खुपतं ते पुढचं, की विद्यापीठात सभा भरली आणि त्या शिपायासाठी शेकडो विद्यार्थ्यांनीच जल्लोष केला. फॅसिझम म्हणतात तो हा. त्याला तू गप्प बसून भागत नाही, टाळ्या वाजवणारा लागतोस.

नुसतं गप्प बस म्हणणाऱ्या राजवटीची जात वेगळी. मेक्सिकोत एकाच पक्षाने 71 वर्षं राज्य केलं, दर सहा वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक व्हायची आणि कोण येणार ते आधीच ठरलेलं. 1968 ला तिथे ऑलिंपिक होतं, दहा दिवस उरलेले, आणि 2 ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार झाला. साध्या कपड्यातले सैनिक गर्दीत घुसलेले, आपसात ओळख पटावी म्हणून डाव्या हातात पांढरा हातमोजा. मेले किती ते आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. 12 तारखेला ऑलिंपिक थाटात सुरू. दिल्लीतला त्यांचा राजदूत, कवी ऑक्टाव्हियो पाझ, त्याने निषेध म्हणून पद सोडलं, आणि तेव्हाचा गृहमंत्री दोन वर्षांत राष्ट्राध्यक्ष झाला! याला मी हुकूमशाही म्हणतो. त्यांना तुमच्या डोक्यात काही भरायचं नव्हतं, पाहुण्यांसमोर तमाशा नको एवढंच. तेव्हा 'फॅसिझम नाही' म्हणजे सौम्य, असं धरून चालू नकोस.

आपल्याकडचं सांगायचं तर 25 सप्टेंबर 1975, आणीबाणी, जेएनयू. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष डी. पी. त्रिपाठी समजून पोलिसांनी प्रबीर पुरकायस्थला गाडीत कोंबलं, माणूस चुकला तरी मिसा, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायचा कायदा, लावला आणि वर्षभर आत ठेवलं. (हे त्रिपाठी पुढे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले, तुला माहीत नसणार.) पण 1977 ला निवडणूक झाली, सरकार पडलं, आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने हे प्रकरण उकरून काढलं. मेक्सिकोत असं विचारायला कोणी यायला कित्येक वर्षं गेली.

म्हणून लाठी पडली तेव्हाचं सोड, पुढचं सांग. तुमच्यातल्या पकडलेल्या त्या दोघांना 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं का, एफआयआरची कॉपी मिळाली का, इशारा न देता लाठी चालवली असं तू म्हणतोस तर ते पेपरात आलं का. बोर्डावर सध्या तेवढंच लिही, 'इशारा न देता लाठीचार्ज का?', त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल, फॅसिझमवर मात्र ते हसून मोकळे होतील.

आणि अजून एक काम कर. लाठीचार्जचा व्हिडिओ तुमच्या वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आला असेलच. त्याच्याखाली 'बरं झालं, अजून हाणा' असं किती पोरांनी टाकलंय ते मोज आणि मला कळव. पोलिसांपेक्षा मला त्या आकड्याची जास्त धास्ती आहे.

— काका