बाइकची चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) पहिल्यांदाच घरी बदलताय?

जरूर करा, वाटतं तेवढं अवघड नाही. फक्त चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच घ्या. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली की तीही लवकर खलास होते.

घाटात गाडी ओढत नाही म्हणून दात्यांची संख्या बदलायचा विचार असेल, तर आधी कंपनीच्या मापाचाच सेट लावून बघा. बऱ्याचदा दोष झिजलेल्या चेनचा किंवा क्लचचा निघतो. पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागे जवळपास तीन वाढवणं. 14/42 चं (पुढे 14, मागे 42 दाते) 13/42 केलंत तर ओढ वाढते, पण हायवेला इंजिन उगाच जास्त फिरतं.

नवखे हमखास इथे चुकतात:

- चेन काढून झाल्यावर पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सोडवायला बसतात. मग सगळंच फिरतं. चेन असतानाच, मागचा ब्रेक दाबून, ते ढिले करा.
- चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप उलटी बसवतात. बंद टोक चेन पळते त्या दिशेला हवं.
- चेन तारेसारखी ताणतात. ढील मॅन्युअलप्रमाणे ठेवा, चाक फिरवत सगळ्यात घट्ट जागी मोजा. जास्त ताणाने बेअरिंग जातं.

रिव्हेटवाली चेन (क्लिपऐवजी पिन ठोकून जोडायची) सध्या नको, ते नंतर बघू. गाडी कुठली आहे?