ओळीवर बोट ठेव

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि एमकॅटच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या, सराव परीक्षेचा निकाल, दोन्ही नीट पाहिले. विज्ञानाच्या तिन्ही विभागांत १२८च्या वर आणि सीएआरएसमध्ये, म्हणजे उतारा वाचून उत्तरं द्यायच्या विभागात, १२३. त्यावरून आपलं वाचन हळू आहे असं तू ठरवूनही टाकलंस आणि आता वेगवाचनाचा क्लास शोधते आहेस. लावू नकोस. त्याच पत्रात खाली लिहिलंयस, 'शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी नेमका चुकीचा निवडते.' दुखणं तिथं आहे. वेग कमी पडत असता तर शेवटचे उतारे कोरे राहिले असते. तुझे ५३च्या ५३ प्रश्न सोडवून झालेत.

दोन पर्याय उरले की तू काय करतेस? त्यांतला 'जास्त पटतो' तो घेतेस. पटण्याचा इथं संबंधच नाही. ज्या पर्यायासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवता येतं तो बरोबर; येत नाही तो चूक, मग तो कितीही शहाणा वाटो. एमकॅटचे बाकीचे तीन विभाग तुला काय येतं ते तपासतात. हा विभाग तुला येत असलेलं बाजूला ठेवता येतं का, ते तपासतो. रुग्णाने सांगितलं नाही ते केसपेपरवर लिहायचं नसतं, तसंच हे.

एक नमुना घे, समजण्यापुरता मराठीत. 'मुखवटा काचेच्या कपाटात सुरक्षित राहतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. संग्रहालयांचे समर्थक म्हणतात की तिथं तो साऱ्या जगाचा होतो. पण नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उतरला की मुखवटा बोलायचा थांबतो, आणि त्याचं मौनच आपण सौंदर्य समजून पाहत राहतो.' प्रश्न: लेखकाला यातलं काय मान्य होईल? अ, संग्रहालयं मुळातच अन्याय्य आहेत. ब, सगळ्यांना पाहता येणं हेच मुखवट्याचं सार्थक. क, असे मुखवटे बहुधा जबरदस्तीने आणलेले असतात. ड, मुखवटा जपला गेला तरी त्याचं काहीतरी हरवतं.

'ब'साठी ओळ आहे, पण ती समर्थकांच्या तोंडची. लेखक पुढच्याच वाक्यात 'पण' म्हणून ती खोडतो. 'अ'मधला 'मुळातच' बघ. लेखक सुरक्षिततेचं श्रेय देऊन मोकळा झालाय, तो इतका टोकाला जात नाही. 'क' जगात खरं असेलही, उताऱ्यात त्याचा मागमूस नाही. हुशार मुलं 'अ' आणि 'क'वरच घसरतात, कारण त्यांनी या विषयावर आधी काहीतरी वाचलेलं असतं. 'ड' मिळमिळीत वाटतो म्हणून सुटतो, पण बोट फक्त त्याच्यासाठीच ठेवता येतं.

म्हणून वाचताना दोनच गोष्टी टिपायच्या: कोण बोलतंय आणि कुठे वळतंय. बट, हाउएव्हर, यट, ऑल्दो दिसलं की थांब. एका परिच्छेदात दोन-तीन जागांपेक्षा जास्त हायलाइट करू नकोस. सगळं पिवळं केलंस तर ओळ शोधायला पुन्हा सगळंच वाचावं लागेल. परिच्छेद संपला की मनात एक वाक्य जुळव: इथं लेखकाने काय केलं? आक्षेप मांडला, उदाहरण दिलं, की आपलंच म्हणणं थोडं मागे घेतलं? तपशील पाठ करू नकोस, उतारा समोरच असतो.

साधारण ४० टक्के प्रश्न उताऱ्याबाहेरचे असतात: लेखकाचं म्हणणं नव्या प्रसंगाला लावायला सांगतात, किंवा नवी माहिती देऊन विचारतात की लेखकाचं म्हणणं बळकट होतं की कमकुवत. तिथं मुलं बोट सोडून देतात आणि वाद घालत बसतात. नवी माहिती निमूट खरी मान. मग उताऱ्यातली नेमकी कुठली ओळ त्यामुळे हलते ते शोध. ओळ हलत नसेल तर तो पर्याय कितीही गाजावाजा करो, उपयोगाचा नाही. आणि प्रश्नात 'एक्सेप्ट' (म्हणजे 'वगळता') किंवा 'नॉट' असेल तेव्हा तिघांसाठी ओळ सापडते, चौथ्यासाठी नाही. उत्तर तो चौथा.

आता वेळ. ९० मिनिटं, ९ उतारे. उतारा ५०० ते ६०० शब्दांचा आणि त्यावर ५ ते ७ प्रश्न. वाचायला चार मिनिटं, उरलेली प्रश्नांना. दर उताऱ्याला घड्याळ बघू नकोस. तीन झाले की ६० मिनिटं उरलेली असावीत, सहा झाले की ३०. कुठला उतारा सोपा ते चाळत बसू नकोस, त्यात मिनिटं जातात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा अडलेल्या प्रश्नालाही काहीतरी निवड, खूण कर आणि पुढे चल.

घड्याळ मात्र पहिले दोन आठवडे लावूच नकोस. रोज दोन उतारे, प्रत्येक उत्तरामागची ओळ सापडेपर्यंत. 'यात फार वेळ जातो' असं म्हणशील. जाऊ दे. सगळ्यांनाच ते रटाळ वाटतं, मला हट्टी म्हणतात, आणि मी तरी हेच सांगणार: ओळ सापडायची सवय लागली की वेग आपोआप येतो. उलटं होताना मी पाहिलेलं नाही.

परीक्षा घेणाऱ्या एएएमसीचे प्रश्न शेवटच्या सहा आठवड्यांसाठी राखून ठेव. बाहेरच्या कंपन्यांचे उतारे वाचायला ठीक, पण त्यांच्या उत्तरामागचं तर्कशास्त्र कधीकधी वेगळंच असतं. तिथं गुण मोजून रडू नकोस. सीएआरएस दुसरा विभाग आहे, रसायन-भौतिकच्या ९५ मिनिटांनंतर येतो. त्यामुळे शेवटच्या महिन्यात सरावही डोकं थकल्यावर कर. कॅनडात अर्ज करणार असशील तर तिथलं मॅकमास्टर विद्यापीठ एमकॅटमधला फक्त हाच विभाग बघतं, हेही ध्यानात ठेव.

एक वही कर. प्रत्येक प्रश्नाला तीन रकाने: बरोबर पर्यायाची ओळ, मी निवडलेल्या पर्यायातला खोटा शब्द, आणि मला तो का पटला. तिसऱ्या रकान्यात 'घाईत चुकलं' लिहिलेलं चालणार नाही, ते उत्तरच नव्हे. 'दुसऱ्याचं मत लेखकाचं समजले', 'माझी माहिती घुसवली', 'ऑलवेज वाचलंच नाही' असं लिही. पन्नासेक नोंदी झाल्या की तुझी खोड एक-दोनच प्रकारची आहे हे दिसेल. मग वहीच्या पानांचे फोटो मला पाठव, आणि अंदाजाने बरोबर आलेले प्रश्न त्यातून गाळू नकोस.